साळूच्या दारातले मुख्यालय

मुलांनो, एक जंगल इतके लांबलचक होते की या टोकाचा प्राणी त्या टोकाला निघाला, तर वाटेत मुक्काम केल्याशिवाय पोचत नसे. वाघाचा दरबार मावळतीला, नदीपलीकडे. जखमेवर मुळी उगाळून लावणारा अस्वलवैद्यही तिथेच. आणि उगवतीकडच्या बांबूच्या बेटात राहायची एक कोल्हीण. तिच्या पिल्लाच्या पायात काटा मोडला होता, त्यामुळे पाय सारखा सुजायचा. सुजला की त्याला तोंडात धरून ती वैद्याकडे निघायची. शेजारच्या टेकडीवर अंगभर काट्यांची एक साळू होती, ती दर वेळी न बोलावता सोबतीला जायची.

एकदा दोघी दरबारातच जाऊन उभ्या राहिल्या. कोल्हीण म्हणाली, "महाराज, आमचा वेगळा जिल्हा करा. दुखणं आमच्याकडे आणि औषध तुमच्याकडे, असं किती दिवस चालायचं?"

वाघाला ते पटले. त्याने हुकूम काढला. मावळतीची नदी आणि उगवतीचा डोंगर यांच्यामधला सगळा मुलूख म्हणजे नवा उगवती जिल्हा. त्याला स्वतःचे मुख्यालय मिळेल, तिथे नवा वैद्य बसेल. जागा निवडायला करकोचा आला. लांब टांगा टाकत तो बेटात फिरला, मग टेकडी चढला आणि तिथल्या झऱ्याचे पाणी प्यायला.

"जागा उंच, सावली दाट, पाणी गोड," तो म्हणाला. "डोंगरापर्यंतचा मुलूख बघून येतो. परतेपर्यंत झरा असाच वाहता राहिला, तर मुख्यालय इथेच."

झाले! हरणे, ससे, मोर, सगळे टेकडीवर गोळा झाले. कालपर्यंत जिला 'ए साळू' म्हणायचे, तिला आज 'साळूबाई, बसा' म्हणू लागले. ते बघून कोल्हिणीच्या पोटात जाळ पेटला. घरी येऊन ती बिळापुढे येरझारा घालू लागली.

"आई, टेकडी तर इथेच आहे. आता माझा पाय लवकर बरा होईल ना?" पिल्लाने विचारले.

"गप्प बस! महाराजांपुढे तोंड उघडलं मी. ती नुसती मागे काटे पसरून उभी होती. आणि आता साऱ्या जिल्ह्याने तिच्या दारात जायचं? मीसुद्धा?"

"पण आई, लांब नाही ना जावं लागणार..."

"लांब गेलेलं परवडलं! तिची पायरी मी चढायची नाही!"

पोराचा पाय भोपळ्यासारखा सुजलेला, आणि हिला पायरी दिसते! अशा बाईला काय म्हणावे, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी सगळे चरायला पांगल्यावर ही मेली टेकडीवर गेली. झऱ्याच्या तोंडात तिने दगड कोंबला, वर चिकणमाती थापली आणि वाळका पाला पसरून परत आली. झरा बंद पडला. साळूला वाटले, उन्हाने आटला. बिचारी खालच्या ओढ्यावर जाऊ लागली.

करकोचा परत आला. त्याने कोरड्या खळग्यात चोच घालून पाहिली आणि मान हलवली. कोल्हीण लगबगीने पुढे झाली. "करकोचेदादा, मग आमच्या बेटातच करा की मुख्यालय!"

"बेटात? तिथल्या बांबूंवर माझ्या गळ्याइतक्या उंचीला पुराच्या गाळाची रेघ आहे. पावसाळ्यात वैद्याने काय पोहत पोहत औषध द्यायचं?"

आणि त्याने मुख्यालय नेले पार डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याकाठी. जुन्या वैद्यापेक्षाही लांब. वर दवंडी पिटली की उगवतीच्या प्राण्यांनी यापुढे आपल्याच जिल्ह्याच्या वैद्याकडे जावे, नदीपलीकडे त्यांना औषध मिळणार नाही.

थोड्याच दिवसांत पिल्लाचा पाय पुन्हा सुजला. अंगात ताप भरला. कोल्हीण त्याला घेऊन निघाली. वाट नेमकी टेकडीवरून होती.

"थांब गं, मी येते सोबत," साळू म्हणाली. ती नेहमीसारखीच निघाली.

"पाणी," पिल्लू पुटपुटले आणि त्याने मान टाकली.

"झरा आटलाय रे बाळा," साळू कळवळली. "ओढ्यावर जाऊन येईपर्यंत दम धर."

कोल्हिणीने पिल्लाकडे पाहिले. भोवती जमलेल्या हरणांकडे पाहिले. मग तिने पिल्लाला खाली ठेवले, नेमक्या त्याच जागेवरचा पाला उडवला आणि माती उकरू लागली. नखे मोडली, तरी थांबली नाही. शेवटी दातांनी दगड ओढून काढला, आणि पाणी खळखळून वर आले.

न बघता हिने बरोबर तिथेच कसे उकरले, हे सशाच्या पोरालासुद्धा कळले. साळूचे काटे ताठ उभे राहिले.

"आधी लेकराला पाज," ती म्हणाली. "तुझ्याशी मग बोलते."

ती जे बोलली ते मुलांच्या पुस्तकात लिहिण्यासारखे नाही. पिल्लू पाणी पिऊन सावध झाले. पण सुटलेला हुकूम काही मागे आला नाही, मुख्यालय तळ्यावरच राहिले. त्या दिवशी कोल्हीण पिल्लाला घेऊन डोंगराच्या वाटेला लागली, ती पहिल्यांदाच एकटी.

तात्पर्य : आपले भले दुसरीच्या दारात होत असेल, तर मुकाट्याने ती पायरी चढावी. जळून जो झरा आपण बुजवतो, त्यावर तहानलेले लेकरू आपलेच असते.