सहा मिनिटं आधीची बांग

“मग दोष माझा कसा, बाबा?”

बद्रुद्दीन मुकादमाच्या गळ्यात सात हार होते. उद्या सकाळी तो हजला निघणार होता. गावानं दुपारीच निरोप दिला होता, पण हार काढून ठेवावेत असं काही त्याच्या मनात येत नव्हतं.

इसाक बाबा दर्ग्याच्या पायरीवर सुंभ वळत बसले होते. खाडीकाठच्या त्या गावात कुणाला काही अडलं की तो बाबांकडे येई. बद्रुद्दीन तर वीस वर्षं येत होता. शिकायला कमी आणि वाद घालायला जास्त.

“कसला दोष?” बाबांनी विचारलं.

“समजा, एखाद्याच्या हातून काही घडलं. पण ते तर तो जन्मायच्या आधीच लिहून ठेवलेलं. अल्लाच्या हुकमाशिवाय झाडाचं पान गळत नाही. मग कयामतच्या दिवशी जाब त्या माणसाला का विचारायचा?”

“एखाद्याच्या हातून...”

“हो. एखाद्याच्या.”

बाबांनी सुंभाला पीळ दिला. “घरोघर जाऊन आलास?”

हजला जाणारा माणूस निघण्याआधी दारोदार फिरतो. बोलण्याचालण्यात काही चुकलं असेल तर माफ करा, म्हणतो. लोक माफ करतात, वर सरबत पाजतात. माणसांचे हिशेब इथंच मिटवून जावं, अशी रीत आहे.

“आलो ना. एकशे बारा घरं झाली. पाय मोडले नुसते.”

“गावात एकशे तेरा आहेत.”

बद्रुद्दीन गळ्यातले हार सारखे करू लागला.

राहिलेलं घर याकूब बांगीचं होतं. बावीस वर्षं त्यानं मशिदीत बांग दिली होती, म्हणून तो बांगी. काम सुटलं तरी नाव सुटलं नव्हतं.

ते काम कसं सुटलं, हे बद्रुद्दीननं नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आज त्यानं ते सांगितलं. हजला निघायच्या आदल्या दिवशी माणूस जरा घाबरलेला असतो.

रमजान होता. आभाळ भरून आलेलं, वीज गेलेली, मशिदीतलं घड्याळ बंद. बद्रुद्दीन तेव्हा मशिदीचा कारभारी होता आणि त्याच्या मनगटावर कुवेतहून आलेलं नवंकोरं घड्याळ होतं. “रोजा सोडायची वेळ झाली, बांग द्या,” तो म्हणाला. याकूबनं आभाळाकडे पाहिलं. “अजून दिवस मावळला नाही वाटतं,” असं चाचरत म्हणाला. “माझं घड्याळ काय खोटं बोलतंय?” बद्रुद्दीन डाफरला.

याकूबनं बांग दिली. सगळ्या गावानं खजूर तोंडात टाकला. आणि नंतर कळलं की घड्याळ सहा मिनिटं पुढं होतं. अख्ख्या गावाचा रोजा वाया गेला. ईदनंतर म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा तो एक रोजा पुन्हा धरावा लागला.

जमातीनं जाब विचारला, तेव्हा बद्रुद्दीन म्हणाला, “मी काही सांगितलं नव्हतं. यानं आपणहून दिली.”

याकूबनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्याच दिवशी त्याचं काम सुटलं.

“आता सांगा बाबा,” बद्रुद्दीन म्हणाला. “ढग येणं लिहिलेलं होतं. वीज जाणं लिहिलेलं होतं. घड्याळ पुढं असणं लिहिलेलं होतं. माझ्या तोंडून ते शब्द निघणंसुद्धा लिहिलेलंच असणार. मग मी काय केलं?”

“काही नाही.”

बद्रुद्दीनला हायसं वाटलं.

“हार काढ,” बाबा म्हणाले.

“का?”

“हजला जाणंही लिहिलेलंच. त्यात तू काय केलंस? दे इकडे ते हार.” बाबांनी हात पुढे केला.

“असं कसं बाबा! चार वेळा अर्ज केला मी. गुडघे दुखतात, तरी दोन महिने चालायची सवय केली. मी रात्ररात्र जागून दुआ पाठ केल्या, मी...”

तो थांबला. हात हारांवर तसाच राहिला.

बाबांचाही हात पुढेच होता. त्यांना घाई नव्हती.

“हजनं गुन्हे धुतले जातात ना, बाबा?” त्यानं हळूच विचारलं.

“अल्लाचे असतील ते अल्ला माफ करील. याकूबची माफी याकूबजवळ आहे. ती तुला मक्केत नाही मिळायची.”

...

बद्रुद्दीननं एकेक हार काढून पायरीवर ठेवला आणि तो उतरणीला लागला.

याकूब अंगणात सुपाऱ्या सोलत होता. आळीतली घरं दाराला दार लागून. बद्रुद्दीन अगदी जवळ जाऊन बसला. दोन शब्द कानात सांगावेत आणि उठावं, असा बेत होता.

“याकूबचाचा, काही चुकलं असेल तर माफ करा.”

“काय म्हणालात, मुकादमसाहेब? जरा मोठ्यानं.”

“त्या रोज्याच्या वेळी... माझंही थोडं चुकलं.”

“कान गेले हो. बांग देतात तसं बोला.”

शेजारच्या दारात दोन माणसं आली. समोरच्या आयशाबीनं पदर तोंडाला लावला. उठून जावं, असंही बद्रुद्दीनला वाटून गेलं. पण उद्याची बस होती, आणि त्या बसच्या पुढं केव्हातरी कयामतचा तो दिवस होता, ज्या दिवशी तोंडावर शिक्का बसेल आणि हातपाय साक्ष देतील.

तो उभा राहिला.

“बांग द्यायला मी सांगितलं होतं!” तो ओरडला. “घड्याळ माझं पुढं होतं! जमातीत मी खोटं बोललो, चाचा! मी!”



याकूबनं हातातली सुपारी खाली ठेवली. त्याचे डोळे भरले होते.

“आलं ऐकू,” तो म्हणाला. “माफ केलं. मदिनेला पोचलात की माझाही सलाम पोचवा.”

“तो रोजा मीही पुन्हा धरला होता, मेल्या,” आयशाबी पलीकडून म्हणाली. “जा. माझ्याकडूनही माफ.”

बद्रुद्दीन परत आला, तेव्हा हार पायरीवरच पडलेले होते. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो बाबांच्या पायाशी बसला आणि बराच वेळ नुसता रडला. मग त्यानं नाक पुसलं.

“बिचारा ठार बहिरा झालाय हो, बाबा. मला ठाऊकच नव्हतं. केवढ्यानं ओरडावं लागलं. सगळी आळी दारात जमली.”

“बहिरा?” बाबांचे हात थांबले. “सकाळी इथंच बसला होता की. त्या आंब्यावर खार काहीतरी कुरतडत होती. मला नाही कळलं, त्याला इथून ऐकू आलं.”

बद्रुद्दीन आंब्याकडे बघत राहिला. आंबा चांगला तीस पावलं लांब होता.

“म्हणजे... त्यानं मुद्दाम...?”

बाबांनी सुंभ पुन्हा हातात घेतला.

“मुद्दाम कसं असेल, बदरू? लिहिलेलं होतं.”