बांधाची माती

मुलांनो, एक सांगा बरं. कुणी तुमच्या उपयोगी पडलं, तर त्याचे आभार मानायला तुम्ही त्याच्या दारी जाल, की त्यालाच आपल्या दारी बोलवाल?

फार पूर्वी चीन देशात मातीनं पिवळी झालेली एक मोठी नदी होती. पावसाळ्यात ती गावंच्या गावं गिळायची. तिच्या काठच्या एका मजुरानं लोकांना गोळा केलं आणि मातीचा लांबच लांब बांध घातला. गावं वाचली, शेतं पिकली. देशाला राजा असून नसल्यासारखाच होता. लोकांनी त्या मजुरालाच सम्राट केलं.

गादीवर बसताना तो म्हणाला, "मला इथं तुम्ही बसवलंत. कदाचित मी हे विसरेन, माझी मुलंबाळं तर विसरतीलच. म्हणून एक रीत घालून देतो. दर वसंतात सम्राटानं नदीवर जायचं, टोपलीभर माती डोक्यावर वाहून बांधावर टाकायची आणि तिथल्या माणसांचे आभार मानायचे."

तो जन्मभर जात राहिला. बांधावरच्या बायका त्याला चिडवायच्या, "महाराज, टोपली अर्धीच! महालातलं खाणं अंगी लागत नाही वाटतं?" तो हसून आणखी माती भरून घ्यायचा. पुढं त्याचा मुलगा जाऊ लागला, मग नातू. सम्राट येणार म्हटलं की आसपासची गावंही टोपल्या घेऊन यायची. दरवर्षी बांध थोडा उंच व्हायचा, आणि ते घराणंही.

मग पणतू गादीवर आला. त्याला चिखलाचा भारी कंटाळा. नदी राजधानीच्या वेशीबाहेरच होती, पण तेवढंही जायला नको वाटे. तो प्रधानाला म्हणाला, "रीत मोडायची नाही, आणि पायही मळवायचे नाहीत. काहीतरी शोधून काढा."

"सोपं आहे, महाराज," प्रधान म्हणाला. "आपण बांधाकडे कशाला जायचं? बांधच आपल्याकडे आणू."

गाड्या गेल्या. बांधावरची माती खणून महालाच्या बागेत आणली. बांधावरच्या काही माणसांनाही बोलावून ओळीनं उभं केलं. सम्राटानं सोन्याच्या टोपलीतून थोडी माती बागेत टाकली आणि त्यांच्याकडे पाहून मान हलवली. झाली रीत!

तेव्हापासून तसंच सुरू झालं. प्रत्येक सम्राटाला आपल्या बापापेक्षा जास्त माती हवी असे. बागेत टेकडी उभी राहिली. तिच्यावर झाडं आली, चहा प्यायला मंडप आला. तिकडं बांध मात्र बारीक होत गेला. गाववाले गाऱ्हाणं घेऊन आले, की त्यांना उत्तर मिळे, "अरे, तुमच्या मातीचा केवढा मान! खुद्द सम्राट तिच्यावर बसून चहा पितात."

अशा त्या घराण्यात शेवटचा सम्राट आला. माणूस वाईट नव्हता. पण नदी त्यानं फक्त मंडपातून पाहिलेली, लांबून, पिवळ्या रेघेसारखी.

एका पावसाळ्यात नदी फुगली आणि बांधाला भगदाड पडलं. लोकांनी त्यात दगड टाकले, घराची दारं काढून टाकली, पण पाणी थांबेना. काठावर नुसता चिखल, भगदाडात टाकायला घट्ट माती कुठंच नाही. दुपारपर्यंत सगळी गर्दी महालाच्या दाराशी आली.

"दार उघडू नका, महाराज," या सम्राटाचा प्रधान म्हणाला. "पाणी आलं तरी आपण टेकडीवर सुखरूप राहू. ही माणसं एकदा आत आली, की सिंहासन गेलंच समजा."

सम्राट तटावर चढला. "घाबरू नका," तो ओरडला. "बायकामुलांना मी टेकडीवर घेतो."

पाठीला तान्हं बांधलेली एक बाई पुढं आली. "महाराज, टेकडीवर आम्ही मावणार किती? भगदाड बुजलं तर सगळेच आपापल्या घरी मावतील की! आम्हाला वर जागा नको. आमची माती तेवढी परत द्या."

"तुमची माती?"

"मग काय तुमच्या बागेत उगवली होती?" मागून एक म्हातारा ओरडला. तशा संकटातही लोक हसले.

सम्राट टेकडीकडे वळला. आजोबांचा मंडप, वडिलांनी लावलेली झाडं. ज्यांचे आभार मानायचे, त्यांच्याच अंगणातून आपण ही सगळी माती उचलून आणली, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"दार उघडा," तो म्हणाला. "अपुरं पडलं तर भिंतही पाडा."

प्रधान मागच्या दारानं निघून गेला. लोकांनी रांग लावली, आणि टोपल्यांतून हातोहात टेकडी नदीकडे चालू लागली. रांगेत सम्राटही उभा राहिला. "अहो, काठाला काय धरता? तळाला हात लावा, नाहीतर सांडेल!" शेजारची बाई त्याच्यावर ओरडली, आणि त्यानं मुकाट्यानं तळाला हात लावला. संध्याकाळी भगदाड बुजलं.

तेव्हा तो म्हातारा सम्राटाजवळ आला. "तुम्ही दार उघडलंत, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण माझी सून त्या पाण्यात गेली, महाराज. तुमच्या घराण्याच्या हाती पुन्हा बांध द्यायचा धीर होत नाही."

सम्राटानं राजमुद्रा काढून म्हाताऱ्याच्या हातात दिली. "आम्ही तुमचं इतकं नेलं, आणि तुम्ही मागितलंत ते फक्त तुमचंच," तो म्हणाला. "मीच तुमचा ऋणी आहे. आता मी निघतो."

"निघता कुठं?" तान्ह्याची आई म्हणाली. "राजा नकोय आम्हाला. माणूस राहू दे की!"

एकही तलवार न उपसता ते घराणं तिथं संपलं.

यातलं तात्पर्य: ज्यांनी आपल्याला वर बसवलं, त्यांच्यापर्यंत आपण स्वतः चालत जावं. कृतज्ञतेचा नुसता देखावा उरला, की तो उपकार करणाऱ्याच्याच पायाखालची माती काढून नेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओसरलं, आणि लोकांनी आपले ओले कपडे महालाच्या अंगणात वाळत घातले.