तिसरी फळी

फार फार वर्षांपूर्वी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला एक बंधारा होता, बंधाऱ्यातून निघालेला एक पाट होता आणि त्या पाटावर साठ शेतं भिजत होती.

पाऊस चांगला झाला की पाणी सगळ्यांना पुरे. पण मधूनच एखाद्या वर्षी बंधारा आटू लागे, आणि मग पाणी मोजून द्यावं लागे. तळाला भोक असलेली वाटी पाण्यावर ठेवायची. ती बुडाली की एक घटका झाली. कोणाला किती घटका पाणी, हे पूर्वजांनी ठरवून कोठीच्या भिंतीवरच्या पाच लाकडी फळ्यांवर काजळीच्या शाईनं लिहून ठेवलं होतं. एका फळीवर एका दिवसाच्या पाळ्या, बारा शेतांच्या.

पूर्वज सावध होते. प्रत्येक फळीच्या पाठीवर त्यांनी पुढच्या फळीचा मजकूर उतरवला होता. एखादी फळी गेली, तरी अक्षर हरवत नसे. नियम एकच होता. गेलेली फळी लगेच नवी करायची.

शिवाय दर सुगीनंतर सगळ्या पाळ्या एका कापडावर उतरवून ते टेकडीवरच्या देवळात पेटीत ठेवायचं आणि आदल्या वर्षीचं कापड जाळायचं, असा रिवाज होता.

हे सगळं एक पाटकरी सांभाळी. शिकलेला होता, कोणाचं पाणी तोडत नसे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं वाईट माणसाच्या हातून झालं असतं, तर ही गोष्ट सांगायची मला गरज वाटली नसती.

एके वर्षी तिसऱ्या फळीला वाळवी लागली. पाटकऱ्यानं ती काढून जाळली आणि नवी करायचं मनाशी ठरवलं.

पाटाच्या अगदी शेवटी एका म्हातारीचा तुकडा होता. चार मिरचीचे वाफे आणि थोडी भाजी, त्यावरच तिचं पोट. तिची पाळी त्याच फळीवर होती. तिनं एक दिवस विचारलं, "दादा, भिंतीवर चारच फळ्या कशा?"

पाटकरी हसला. "मावशी, वाचता येत नाही आणि फळ्या मोजायला येतेस होय?"

"मोजायला अक्षरं लागतात का रे?"

"काळजी नको. तुझी पाळी दुसऱ्या फळीच्या पाठीवर आहे. काही अडलंय का?"

खरंच काही अडलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी थोडं कमी पडलं, तेव्हा पाटकऱ्यानं दुसरी फळी उलटी केली आणि तिच्या पाठीवरून पाळ्या वाचून दाखवल्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला वाटतं, त्याचं नुकसान तिथंच झालं. त्या दिवशी तो वाचताना अडखळला असता, तर बरं झालं असतं.

सुगीनंतर कापड लिहिताना त्यानं भिंतीवरच्या फळ्यांचे दर्शनी भाग तेवढे उतरवले. तिसऱ्या दिवसाची जागा कोरी सोडली. नवी फळी झाली की भरू, असं म्हणून कापड पेटीत ठेवलं आणि जुनं जाळलं.

दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी कोठीचं छप्पर गळलं, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बंधाऱ्याचा तळ दिसू लागला. शेतकरी कोठीच्या ओट्यावर येऊन बसले. पाटकऱ्यानं आत जाऊन दुसरी फळी उलटी केली. पाठ पांढऱ्या बुरशीनं भरली होती. खाली अक्षरं अंधुक दिसत होती.

त्यानं मागच्या दारानं सुताराला बोलावलं. सुतार फळीकडे वाकून बराच वेळ बघत राहिला.

"हात लावू नका," तो म्हणाला. "तीन दिवस सावलीत वाळू द्या. मग जेवढं दिसतं तेवढं दुसरीकडं उतरवून घ्या. पुसायचं त्याच्यानंतर."

"तीन दिवस? बाहेर माणसं बसलीत."

"मग त्यांना खरं सांगा."

"काय सांगू? इतकी वर्षं फळी केली नाही म्हणून?"

सुतार निघून गेला. पाटकऱ्यानं ओलं फडकं घेतलं आणि हलक्या हातानं बुरशी पुसली. फडक्यावर काळं उमटलं. फळी स्वच्छ झाली. तिच्यावर आता काहीच नव्हतं.

तो धावत टेकडीवर गेला. पेटीतलं कापड उलगडलं. तिसऱ्या दिवसाच्या जागी त्यानंच सोडलेली कोरी पट्टी होती. तिथं एकदा पाळ्या लिहिलेलं कापड होतं, आणि ते त्यानंच जाळलं होतं.

संध्याकाळी त्यानं पंचांपुढं सगळं कबूल केलं. पंचांनी त्या बारा शेतकऱ्यांना आपापली पाळी सांगायला लावली. दिवसाच्या घटका साठ. सांगितलेल्या भरल्या नव्वद.

"वाटी फार लवकर बुडत होती का रे तुमच्या वेळी?" एका पंचानं विचारलं. कोणी हसलं नाही.

शेवटी पंचांनी प्रत्येकाची पाळी एक तृतीयांशानं कमी केली. ज्यांनी वाढवून सांगितलं होतं, त्यांना जवळपास त्यांचं होतं तेवढंच मिळालं. म्हातारीनं मात्र चार घटका सांगितल्या होत्या, आणि चारच होत्या. तिच्या वाट्याला पुऱ्या तीनही आल्या नाहीत.

ती पाटकऱ्याकडे आली. "चारच होत्या ना रे दादा?"

"चारच होत्या, मावशी. मी वाचल्यात."

"मग म्हण की पंचांपुढं."

"काय दाखवून म्हणू?"

तिला रागावता आलं असतं, पण ती रागावली नाही. तेवढ्या पाण्यावर मिरची तगली नाही. आषाढाच्या आधीच ती तुकडा सोडून भावाच्या गावी गेली.

सुतारानं नवी फळी अर्ध्या दिवसात करून दिली. पाटकऱ्यानं तिच्यावर पंचांनी ठरवलेल्या पाळ्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या, पाठही भरली, कापडही पुरं केलं. आता काहीच हरवण्यासारखं नव्हतं. पुढच्या प्रत्येक दुष्काळात तो ती फळी मोठ्यानं वाचून दाखवी. लोक माना हलवत. शेवटच्या, म्हातारीच्या ओळीशी मात्र त्याचा आवाज बसे, कारण ती ओळ खोटी आहे हे ठाऊक असलेला तो एकटाच गावात उरला होता.

तात्पर्य: काम अडत नाही म्हणून मोडलेलं तसंच ठेवू नये; ज्या दिवशी काम अडतं, त्या दिवशी सावरायला मागे काही उरलेलं नसतं.