नावाड्याचा नियम

एकदा एक व्यापारी एका वृद्ध ग्रंथकाराच्या घरी खेळायला गेला, आणि आमंत्रण खुद्द त्या वृद्धानेच धाडले होते. ते कळताच वृद्धाच्या शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण हाच व्यापारी गुरुशिष्यांच्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती इंटरनेटवर विकत असे.

ही पुस्तके खेळांची होती. चार माणसांनी एकत्र बसावे, एकाने कथा सांगावी, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हावे, फासे टाकावेत आणि पुस्तकातल्या नियमांच्या आधाराने एखादे साहस जगून पाहावे, असा तो छंद. शिष्याचे पहिले पुस्तक बाहेर पडले आणि लगेच त्याची पीडीएफ व्यापाऱ्याच्या इंटरनेटवरच्या पानावर झळकली. बिचारा खचलाच. दुसरे पुस्तक निम्मे लिहून झाले होते, ते तिथेच टाकून द्यायचे त्याने ठरवले. वृद्धाने त्याला समजावले नाही. त्याने व्यापाऱ्याविरुद्ध रीतसर तक्रार केली, आणि त्याच संध्याकाळी आपला नवा, अजून न छापलेला खेळ खेळायला त्यालाच बोलावले. चोराला आपणहून घर दाखवण्याचा हा प्रकार शिष्याला काही केल्या उमगेना.

व्यापारी मात्र खुशीत आला. नवे पुस्तक इतरांच्या आधी पाहायला मिळते आहे, मग कशाला सोडा? शेजारचे एक जोडपे आणि तो खेळायला बसले, शिष्य नाइलाजाने कथा सांगू लागला. वृद्ध पेन्सिल घेऊन बाजूला बसला. परके लोक त्याचा खेळ खेळत असताना तो चकार शब्द काढत नसे, ही त्याची जुनी रीत.

कथेत नदीला पूर आला होता. व्यापारी नावाडी झाला, आणि बघता बघता इतका रंगला की आपण कशासाठी आलो हेच विसरला. तेवढ्यात फासा उलटा पडला. नियम असा होता की नावाड्याने होडीतला एक प्रवासी गमवावा. होडीत एक म्हातारी होती आणि एक तान्हे मूल.

“मीच उडी मारली तर चालेल का?” त्याने वृद्धाला विचारले.

वृद्ध गप्प. शिष्याने पाने चाळली, त्यात उत्तर नव्हते. व्यापाऱ्याने पुन्हा विचारले. तेव्हा वृद्धाने शांतपणे हस्तलिखित ओढून घेतले आणि महिनोन्महिने घडवलेल्या त्या प्रकरणावर आडवी रेघ मारली. शिष्याने गुरूंचे असे खोडणे अनेकदा पाहिले होते, पण चोराच्या प्रश्नावरून खोडणे आज पहिल्यांदाच. व्यापारी तर थक्क होऊन पाहतच राहिला.

“अहो, माझ्या एका प्रश्नासाठी सगळं खोडलंत?”

“पुस्तक लोकांच्या घरी जातं तेव्हा मी तिथे नसतो,” वृद्ध म्हणाला. “मग अडलेल्यानं विचारायचं कुणाला? म्हणून मी इथे बोलत नाही, नुसता बघतो. माझं प्रत्येक पान असं कुणीतरी अडल्यावर पुन्हा लिहिलेलं आहे. या माझ्या शिष्याचंही. तुम्ही करता ती चोरी आहे, मी तुमच्याविरुद्ध तक्रार केली आहे, आणि ती मागे घेणार नाही. पण नावाड्याला उडी मारता येईल, हा नियम आता या पुस्तकात येईल तो तुमच्यामुळे. उद्या तोही कुणीतरी उचलून विकेल. तेव्हा तुम्हाला काय वाटतं, ते मला येऊन सांगा.”

व्यापाऱ्याने फोन काढला आणि सगळ्यांसमोर, मान खाली घालून, एकेक पुस्तक आपल्या पानावरून काढून टाकले. निघताना त्याने विचारले, हा नियम लिहून झाला की मला पुन्हा खेळायला बोलवाल का? वृद्धाने होकार दिला.

बाजारात असे व्यापारी आणखी कितीतरी होते, हे शिष्य जाणून होता. तरीही दुसऱ्या दिवशी त्याने शेजाऱ्यांना बोलावले, आपले अर्धे पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले आणि पेन्सिल घेऊन बाजूला गप्प बसला.