गोंदाजीने घेतलेली परीक्षा

"गुरुजी नाहीत म्हणून परीक्षा अडते काय? तू घे!" राजा भद्रसेन गरजला.

गोंदाजीने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. म्हणजे हुकूम त्यालाच होता!

वैद्यकीच्या पाठशाळेत तो घंटा वाजवायचा. चाळीस वर्षं तिथं काढून शिकला काय, तर दहापर्यंत आकडे. पाठशाळेतल्या निम्म्या जागा रिकाम्या, एकेक गुरुजी तीन-तीन वर्ग हाकायचा. जागा भरा म्हणून गुरुजींनी सात वर्षं अर्ज दिले, राजाने सात समित्या नेमल्या. शेवटी गुरुजींनी परीक्षेवर बहिष्कार टाकला आणि वडाखाली जाऊन बसले.

"महाराज, मी अंगठेबहाद्दर! कागद उलटा की सुलटा, तेही मला कळत नाही."

"पाठशाळेत कामावर तूच उरलायस. पौर्णिमेला निकाल दे, नाहीतर नोकरी गेली आणि फाटकाजवळची खोलीही!"

घरी बायको सगुणा म्हणाली, "बाजारातून मीठ आणा म्हटलं तर साखर आणता, आणि वैद्य निवडणार?"

"तेच तर महाराजांना सांगत होतो," गोंदाजी म्हणाला. "पण त्यांना वाटलं मी विनयाने बोलतोय!"

पौर्णिमेला तो दरबारात हजर झाला. नऊ पोरं परीक्षेला बसली, नऊच्या नऊ पास!

"शाब्बास! उत्तरं तपासलीस कशी?"

"वितीने, महाराज. एक वीत लिहिलं तो पास, तीन विती लिहिलं त्याला पहिला वर्ग. लंबोदर सगळ्यांत पहिला, साडेसात विती! लिहिलंय काय ते देव जाणे, पण अक्षर मोठं आहे."

दरबार खदखदला. राजा खुशीत म्हणाला, "उगाच त्या गुरुजींनी माझं डोकं खाल्लं! आणा शिक्का!"

"आधी रिवाज, महाराज," गोंदाजी म्हणाला. "पहिल्या आलेल्या वैद्याचा पहिला काढा राजाने भर दरबारात प्यायचा, मग शिक्का. तुमच्या आजोबांपासून चालत आलंय."

लंबोदर पेला घेऊन पुढे आला. काढा हिरवा-काळा, वर बुडबुडे! राजाने पेला नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

"यात घातलंय काय रे?"

लंबोदर लाजला. "आठवलं ते सगळं!"

"गोंदाजी, आधी तू पी!"

"पिईन की! मी मेलो तर एखादी घंटा चुकेल, एवढंच. पण रिवाजात माझं नाव कुठंय?"

"असल्या गाढवाला पास केलं कुणी?" राजा ओरडला.

"दुसऱ्या गाढवाने, महाराज. मीच तो!" गोंदाजीने हात जोडले. "पण मला परीक्षक कुणी केलं, ते विचारू नका. तो माणूस आत्ता हातात पेला धरून बसलाय!"

प्रधान खांबाआड सरकला.

आणि राजा हसत सुटला. इतका हसला, की सगळा काढा गालिच्यावर सांडला!

"जा, गुरुजींना वडाखालून मानाने आणा! रिकाम्या जागा याच महिन्यात भरा, परीक्षा नव्याने होऊ दे. आणि गोंदाजी, खोली तुझ्या नावावर केली. शिवाय ही माझी शाल!"

"खोली घेतो, शालही घेतो," गोंदाजी म्हणाला. "पण परीक्षकपद तेवढं परत घ्या, महाराज. वीत दुखायला लागलीय!"