एकाच लेकराची लेकुरवाळी

कोथळवाडीच्या उत्तरेला जो डोंगर दिसतो, त्याचं नाव लेकुरवाळी. माथ्यावर बाईएवढी शिळा आणि तिच्या कडेवर एक धाकटा दगड. पाहुणे हमखास विचारतात, "एकच लेकरू? मग लेकुरवाळी कशी?" प्रश्न रास्त आहे. गावाला तो सुचायला एक नातू आणि एक सून खर्ची पडली.

असं सांगतात, की जुन्या काळी इथल्या घरांतला पाळणा आढ्यावरून खाली उतरतच नसे. सुनेला दर साल बाळंतपण, आणि डोंगरामागच्या माळावर दर साल चिमुकल्या दगडांची भर. पाळण्यांची गावाला फुशारकी होती. त्या दगडांबद्दल कुणी बोलत नसे. हिवाळ्यात मेंढरं घेऊन धनगर येत. त्यांच्या बायका कडेवरचं पोर कळपाबरोबर चालू लागेपर्यंत त्याला अंगावर पाजत, आणि तोवर दुसरं होत नसे. दोन पोरं कडेवर घेऊन घाट कोण चढणार? पण रंगोजी पाटलाने निकाल दिला, की ह्या बायका अर्ध्या वांझ. त्यांची सावली गावतळ्यात पडली तर गावच्या कुशी आटतील. त्यांना पाणी बंद. मेंढ्यांच्या लेंड्या मात्र त्याच्या शेताला चालत होत्या. लेंड्यांची सावली पडत नसावी.

पाटलाची सून सगुणा. कडेवर वर्षाचं पोर, पोटात दुसरं, त्यामुळे दूध आटलेलं. पोर सुकत चाललं, तशी ती भर दुपारी पाण्याची घागर घेऊन धनगरांच्या मुक्कामावर गेली. ठकाई नावाची धनगरीण आपल्या तीन वर्षांच्या पोराला पाजत बसली होती.

"आण हिकडं," ठकाई म्हणाली. "ह्या धटिंगणाला आता भाकरी चावू दे."

मग रोज घागर भरून पाणी जाई आणि पोर पोटभर पिऊन येई. त्याच्या अंगावर मांस धरू लागलं.

पाटलाला कळलं. तो मुक्कामावर येऊन गरजला, "वांझेचं दूध माझ्या नातवाला?"

"वांझंला दूध येतं व्हय, पाटील? मग तुमच्या लेकुरवाळीला का न्हाई?"

पाटलाने उत्तरादाखल मुक्काम उठवला.

पुढे पोर पुन्हा सुकलं. सगुणा त्याला घेऊन डोंगरावर चढली आणि कळपाच्या दूरच्या धुरळ्याकडे बघून हाका मारत राहिली. धुरळा वळला नाही. पोर कडेवरच निवलं, आणि तिची तिथंच, म्हणे, शिळा झाली. दुसऱ्या दिवशी तळं कोरडं पडलं.

पागोटं काखेत मारून पाटील धनगरांमागे चालत गेला. ठकाई एवढंच म्हणाली, "नवी सून आली की सासूनं तिला घिऊन डोंगर चढावा, आन सगुणाफुडं शबूद द्यावा : कडंवरचं पोर आपल्या पायानं हितवर चढंल, तवर दुसऱ्याचं नाव काढणार न्हाई." पाटलिणीने धाकट्या सुनेसाठी पहिला शब्द दिला, आणि तळं भरलं.

आजही सासवा शब्द देतात. आता वरपर्यंत डांबरी रस्ता झालाय, दहा महिन्यांचं नातवंड जीपमधून नेतात, त्याचे पाय शिळेला टेकवतात आणि म्हणतात, "चढलं हो!" तळ्यावर पाटी आहे : बाहेरच्यांना पाणी भरण्यास सक्त मनाई.

आणि आजही हिवाळ्यात मेंढरं येतात. कडेवर पोर असलेली धनगरीण वाट वाकडी करून डोंगर चढते, धाकट्या दगडाला आपल्या दुधाचं बोट लावते, आणि तहानलेलीच पुढे जाते.