नकाशातली गोदावरी

फार वर्षांमागे नदीकाठच्या एका शाळेत राज्याचा नवा नकाशा आला. भिंतीवर चढताच तो कोपऱ्यातल्या माठाला म्हणाला, "अख्खी गोदावरी माझ्या अंगावर आहे. तुझ्यात काय आहे रे?"

"सकाळी भरलेलं पाणी," माठ म्हणाला.

गुरुजींनी विचारलं, "गोदावरी कोणी पाहिलीय?" पोरांनी उगम, लांबी घडाघडा सांगितली, पण "पाहिलीय" असं कोणीच म्हणालं नाही. नकाशा फुलून गेला.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अरे, शाळेमागं जिच्यात रोज डुंबता, जिला गंगा म्हणता, तीच ही! या माठातही तीच आहे."

पोरांतली वेणू उठली, माठातलं पाणी गटागटा प्यायली आणि तिनं ओलं बोट निळ्या रेघेवर ठेवलं.

नकाशातली गोदावरी त्या दिवशी पहिल्यांदा ओली झाली.